अंथरूण पाहून ‘पाय’ पसरा: छोट्या बोर्डांसाठी हलकी लिनक्स कोणती?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्याकडे तीन बोर्ड (हातभरही नसलेले एकपाटी संगणक) आहेत: रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू (५१२ एमबी रॅम), जुना पाय ३ बी (१ जीबी) आणि ऑरेंज पाय झिरो ३ (१ जीबी). मॉनिटर लावायचा नाही, डेस्कटॉप नको. एकावर जाहिराती गाळणारं पाय-होल, एकावर मॉस्किटो हा एमक्यूटीटी ब्रोकर (सेन्सरांचे छोटे निरोप घेऊन ज्याला हवे त्याला पोचवणारा) आणि झिरोवर तापमान-आर्द्रतेचा सेन्सर वाचून नोंदी ठेवणारी पायथन स्क्रिप्ट. तिन्ही चोवीस तास चालू. तुम्ही पाच डिस्ट्रोंचे (लिनक्सच्या तयार बांधणींचे) रॅमचे आकडे शेजारी शेजारी मांडलेत आणि विचारलंय, ‘सगळ्यांत हलकी कोणती? तीच तिन्हींवर टाकतो.’ आणि जाता जाता एक वाक्य टाकलंय: ‘सहा महिन्यांत दोन एसडी कार्डं गेली.’

माझ्या लेखी खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात आहे. रॅम कमी पडली म्हणून तुमचं काम थांबलेलं नाही, कार्डं गेली म्हणून थांबलंय. मी गेली दहाएक वर्षं असे बोर्ड लावतोय आणि सांभाळतोय. या काळात रॅममुळे बंद पडलेले बोर्ड एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. कार्ड, वीजपुरवठा आणि अर्धवट अपडेट यांनी बंद पडलेले मात्र मोजणं मी कधीच सोडून दिलंय. म्हणून ‘हलकं’ म्हणजे काय ते आधी ठरवू.

रॅमचे आकडे पाहू, कारण तुम्ही त्यावर बरीच मेहनत घेतली आहे. ताजं इन्स्टॉल, लॉगिन केलं आणि फ्री कमांड मारली, तर अल्पाइन साधारण चाळीस-पन्नास एमबीत बसतं, डाएटपाय त्याच्या जरा वर, रास्पबेरी पाय ओएस लाइट शंभराच्या आगेमागे, आणि उबंटू सर्व्हर दोनशेच्या घरात. कर्नेल (हार्डवेअर हाताळणारा लिनक्सचा गाभा) कोणता, ३२ बिट की ६४, कुठल्या सर्व्हिस चालू आहेत यावर हे आकडे हलतात, त्यामुळे दहा-वीस एमबीच्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही. शिवाय ‘वापरलेली’ रॅम बघून काही कळत नाही. रिकामी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरतं आणि गरज पडली की लगेच सोडतं. बघायचा तो ‘अव्हेलेबल’ रकाना, आणि तोही बोर्डावर तुमचं काम पूर्ण भरात असताना. मॉस्किटोला काही एमबी पुरतात. पाय-होल एरवी शांत असतं, पण ब्लॉकलिस्ट नव्याने बांधताना एकदम उसळतं. पायथनमध्ये पांडाज ही डेटा हाताळायची मोठी लायब्ररी इम्पोर्ट केलीत की तीच एक ओळ डाएटपाय आणि लाइट यांच्यातला सगळा फरक गिळून टाकते. चार आकडे सीएसव्हीत लिहायला पांडाज वापरणारे खूप दिसतात. तुमच्या स्क्रिप्टमध्ये असेल तर काढून टाका, डिस्ट्रो बदलण्याहून जास्त रॅम मोकळी होईल.

आता निवडीची पहिली पायरी, जी या तुलनांमध्ये जवळपास नेहमी सुटते: कर्नेल. साध्या पीसीवर कुठलीही लिनक्स टाकली तरी चालते, कारण तिथे बायोस किंवा यूईएफआय समोर काय हार्डवेअर आहे ते सांगतं. या छोट्या बोर्डांवर तसं कोणी सांगणारं नसतं. कुठल्या पत्त्यावर इथरनेट आहे, कोणत्या पिनवर एलईडी, हे ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या फाइलमधून कर्नेलला कळतं, आणि ती फाइल बोर्डागणिक वेगळी. चिप तीच असली तरी शेजारच्या बोर्डाची इमेज चालेल याची खात्री नसते. म्हणून ‘कोणती डिस्ट्रो’ या प्रश्नाआधी ‘या बोर्डाचा कर्नेल कोण सांभाळतंय’ हा प्रश्न येतो.

रास्पबेरी पायचं उत्तर सोपं आहे. बनवणारेच कर्नेल सांभाळतात आणि जुन्या बोर्डांनाही बरीच वर्षं वाऱ्यावर सोडत नाहीत. ऑरेंज पायचं तसं नाही. झिरो ३ वर ऑलविनरची एच६१८ ही चिप आहे. अशा बोर्डांसोबत येणाऱ्या इमेजमध्ये बहुधा चिप कंपनीने कधीतरी फाटा फोडून घेतलेला जुना कर्नेल असतो, आणि त्याला सुरक्षेचे पॅच कधी मिळतील हे विचारू नये. आर्मबियन याच दुखण्यावरचा उपाय आहे. मूळ लिनक्स कर्नेल घ्यायचा, बोर्डासाठी लागणारे पॅच लावायचे आणि वर डेबियन किंवा उबंटू बसवायची. तुमच्या बोर्डावरच्या वायफायचा ड्रायव्हर मूळ कर्नेलमध्ये नाही, आर्मबियन तो बाहेरून जोडून देतं. त्यामुळे कर्नेल अपडेटनंतर एखाद दिवशी वायफाय रुसलं तर नवल वाटून घेऊ नका. त्या बोर्डाला गिगाबिट इथरनेट आहे, केबल लावा आणि वायफाय विसरा. एक सवय मात्र लावून घ्या. आर्मबियनच्या यादीत बोर्ड दिसला म्हणून खूश होण्याआधी त्याला नेमलेला सांभाळणारा आहे की ‘कम्युनिटी’ म्हणून नुसता ठेवलाय, ते बघा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आणि इथे तुमच्या तक्त्यातली एक गंमत. तुम्ही ऑरेंज पायसाठी आर्मबियन विरुद्ध डाएटपाय अशी लढत लावली आहे. पण रास्पबेरी सोडून बहुतेक बोर्डांवर डाएटपाय जो कर्नेल वापरतं तो आर्मबियनच्याच घरचा असतो. रास्पबेरीवर ते रास्पबेरी पायचाच कर्नेल घेतं. वरची पॅकेजं दोन्हीकडे डेबियनची. म्हणजे खाली इंजिन एकच, फरक डॅशबोर्डचा. हे कळल्यावर माझ्या डोक्यातला निम्मा गोंधळ मिटला होता.

आता एकेक घेतो, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही.

रास्पबेरी पाय ओएस लाइट ही माझी मूळ निवड. रास्पबेरीवर दुसरं काही टाकायला मला कारण लागतं, हे टाकायला कारण लागत नाही. कुठलाही सेन्सर, कुठलीही हॅट (वर बसणारं जोड-बोर्ड) घ्या, तिच्या सूचना याच ओएसला धरून लिहिलेल्या असतात. काही बदल मात्र माहीत असू द्या. २०२२ पासून ‘पाय’ हा तयार युजर येत नाही, इमेजरमध्ये कार्ड लिहितानाच युजर, पासवर्ड आणि एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) ठरवावं लागतं. २०२३ च्या बुकवर्म आवृत्तीपासून नेटवर्क मॅनेजर आलं, बूट विभाग ‘बूट’च्या आत ‘फर्मवेअर’ फोल्डरमध्ये गेला, आणि पिपने (पायथनची पॅकेजं उतरवणाऱ्या साधनाने) थेट सिस्टममध्ये पॅकेज टाकायला गेलात तर ते हटकतं आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवायला सांगतं. त्याआधीची लेखमाला वाचून काम कराल तर निम्म्या कमांड चुकतील आणि खापर ओएसवर फुटेल.

डाएटपाय मला आवडतं, पण लोक ज्या कारणासाठी घेतात त्यासाठी नाही. त्याचं बळ सॉफ्टवेअरच्या मेनूत आहे. पाय-होल, मॉस्किटो, जे हवं त्यावर टिक मारा, ते नीट बसवून देतं. नवख्याचे दोन दिवस वाचतात. हलकेपणासाठी त्याने काही निर्णय तुमच्या वतीने आधीच घेतलेले असतात, ते मात्र माहीत हवेत. एसएसएचसाठी ओपनएसएसएचऐवजी ड्रॉपबेअर असतं. ते छोटं आहे, पण स्वतः एसएफटीपी (त्याच जोडणीवरून फाइल पाठवणं) करत नाही. ओपनएसएसएचच्या २०२२ मधल्या ९.० आवृत्तीपासून फाइल कॉपी करणारी एससीपी कमांडही आतून एसएफटीपीच वापरते. मग ‘लॉगिन होतंय पण फाइल जात नाही’ म्हणून माणूस डोकं धरून बसतो. मेनूतून ओपनएसएसएच निवडलं की प्रश्न मिटतो. दुसरं, लॉग रॅममध्ये राहतात आणि मुळातल्या सेटिंगप्रमाणे दर तासाला पुसले जातात. कार्डासाठी उत्तम! पण माझा एक बोर्ड रात्री तीनला आपोआप रीस्टार्ट व्हायचा आणि सकाळी बघायला जावं तर लॉगची पाटी कोरी. तीन रात्री मी भुताच्या मागे होतो. शेवटी लॉग नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनकडे पाठवले तेव्हा कारण दिसलं: यूएसबी डिस्क फिरायला लागली की व्होल्टेज पडत होतं.

अल्पाइनवर जरा जास्त बोलतो, कारण तुमच्या तक्त्यात ते पहिलं आहे आणि तुमचा कल तिकडे दिसतो. ते हलकं आहे ते खरोखर वेगळ्या बांधणीमुळे. सी लायब्ररी जीलिबसीऐवजी मसल, रोजच्या कमांडांसाठी बिझीबॉक्स, सर्व्हिस सुरू-बंद करायला सिस्टमडीऐवजी ओपनआरसी. आणि त्याची ‘डिस्कलेस’ पद्धत या बोर्डांसाठी फार देखणी आहे. बूट होताना सगळी सिस्टम रॅममध्ये चढते, त्यानंतर कार्डाला हात लागत नाही. वीज गेली, आली, सिस्टम पुन्हा ताजी. कार्ड जवळपास झिजतच नाही. तुम्ही केलेले बदल टिकवायचे तर ‘एलबीयू कमिट’ म्हणायचं, ते बदलांची एक छोटी गठडी बांधून कार्डावर ठेवतं आणि पुढच्या बूटला उघडतं.

आता माझी फजिती. पहिल्यांदा लावलं तेव्हा मी सगळं जमवलं, एलबीयू कमिट केलं, छाती फुगवून निघून आलो. दोन महिने बोर्ड छान चालला. मग एकदा वीज गेली. परत आल्यावर आयपी पत्ता बरोबर, युजर बरोबर, सर्व्हिसची फाइलही जागेवर, फक्त ती सर्व्हिस जी स्क्रिप्ट चालवायची ती स्क्रिप्टच गायब. झालं असं की एलबीयू मुळात ‘ईटीसी’ फोल्डरमधले बदल बांधतं. माझी स्क्रिप्ट ‘ऑप्ट’मध्ये होती, आणि तो फोल्डर गठडीत घ्यायला मी सांगितलंच नव्हतं. दोष अल्पाइनचा नाही, ते त्याच्या नियमाने वागलं. पण डिस्कलेस सिस्टम लावली की त्याच क्षणी, समोर बसलेले असताना, वीज काढून परत लावून बघायची, हा धडा तेव्हा गिरवला. पॅकेजांचा कॅश कार्डावर ठेवायलाही विसरू नका, नाहीतर बूट होताना ते इंटरनेटकडे धावतं, आणि त्या वेळी इंटरनेट असेलच असं नाही.

अल्पाइनचा दुसरा खळगा मसलचा. जीलिबसीसाठी बांधलेली तयार प्रोग्रॅमं त्यावर सरळ चालत नाहीत. पायथनच्या बाबतीत हे फार बोचतं. रास्पबेरी पाय ओएसच्या ३२ बिट आवृत्तीत पिप ‘पायव्हील्स’मधून आधीच बांधलेली पॅकेजं उचलतं, ती जीलिबसीची असतात, अल्पाइनला निरुपयोगी. मसलसाठी ‘मसललिनक्स’ नावाची वेगळी व्हील (आधीच बांधलेली पॅकेजं) असतात आणि ६४ बिटवर आता बरीच मिळतात, पण एखाद्या आडवळणाच्या सेन्सरची लायब्ररी नेमकी नसते. मग पिप ती बोर्डावरच कंपाइल करायला घेतं. ५१२ एमबीच्या झिरोवर नमपाय कंपाइल होताना बघणं म्हणजे तळं आटण्याची वाट बघणं, आणि बऱ्याचदा शेवटी रॅम संपून ते मधेच मरतं. अल्पाइनच्या स्वतःच्या भांडारात ते पॅकेज असेल तर तिथूनच घ्या. नसेल, तर हट्ट धरू नका. पायथनच्या कामाला अल्पाइन नको, असं माझं मत आहे. नुसता मॉस्किटो चालवायचा असेल, तर त्याच्याइतकं शोभून दिसणारं दुसरं काही नाही.

आर्च लिनक्स एआरएमचं लवकर आटोपतो. स्वच्छ आहे, शिकायला छान आहे, पण रोलिंग आहे, म्हणजे ठरावीक आवृत्त्या नाहीत, अपडेट सतत येत राहतात: नियमित आणि पूर्ण अपडेट करणं हा त्याच्याशी झालेला करार. अर्धवट अपडेटला तिथे आधार नाही. जो बोर्ड कपाटावर ठेवून आठ महिने विसरायचा आहे, त्याच्याशी हा करार जुळत नाही. मी विसरलो होतो. परत आलो तेव्हा सह्या तपासायच्या किल्ल्याच जुन्या झाल्या होत्या, आणि त्या जबरदस्तीने सरकवल्यावर बोर्ड बूट व्हायचा थांबला. उबंटू सर्व्हर १ जीबीवर चालतं, पण स्नॅप आणि क्लाउड-इनिट यांचं ओझं या कामाला कशाला? व्हॉइड आणि टायनी कोअरच्या कुळातलं पायकोअर हे हौसेचे मामले आहेत, मला प्रिय आहेत, तुम्हाला सुचवणार नाही. आणि ओपनडब्ल्यूआरटी राउटरसाठी अव्वल. बोर्डाचा राउटर करायचा असेल तर या सगळ्यांना बाजूला सारून तेच घ्या.

३२ की ६४ बिट, हाही प्रश्न होता तुमचा. ६४ बिटमध्ये पॉइंटर ४ ऐवजी ८ बाइटचे, त्यामुळे तोच प्रोग्रॅम थोडी जास्त रॅम खातो. १ जीबीला फरक पडत नाही, ६४ बिट घ्या. ५१२ एमबीला मी अजून ३२ बिट देतो, आणि पायव्हील्सचा फायदाही मिळतो. मात्र एक सापळा आहे. पाय ४ सारख्या बोर्डांवर ३२ बिट पाय ओएससुद्धा आता ६४ बिट कर्नेल घेऊन चालते. ‘यूनेम’ कमांडला विचारलं तर ‘एआर्च६४’ सांगतं, माणूस ६४ बिटचा प्रोग्रॅम उतरवतो आणि तो ‘फाइल सापडत नाही’ म्हणतो, फाइल डोळ्यांसमोर असताना! डेबियनच्या कुळात असताना यूनेमवर विसंबू नका, डीपीकेजी या पॅकेज-कमांडला आर्किटेक्चर विचारा. ते खरं सांगतं.

आता कार्डांकडे, जिथून सुरुवात व्हायला हवी होती.

एसडी कार्डातली फ्लॅश लहान पानांत लिहिता येते, पण पुसावी लागते ती मोठ्या ब्लॉकमध्ये. तुम्ही चार केबी बदललेत तरी आतल्या कंट्रोलरला बराच जुना मजकूर इकडून तिकडे हलवावा लागू शकतो. म्हणून किती एमबी लिहिलं यापेक्षा किती वेळा छोटं छोटं लिहिलं, याने कार्ड जास्त झिजतं. तुमची स्क्रिप्ट दर पाच सेकंदांनी रीडिंग घेते आणि प्रत्येक रीडिंग एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये लगेच कमिट (कायमची नोंद) करते, असं तुम्ही लिहिलंय. दिवसाला १७,२८० कमिट झाले. प्रत्येक कमिटला एसक्यूलाइटची जर्नल फाइल, मूळ डेटाबेसची पानं, वर फाइलसिस्टमचं जर्नल, आणि दर वेळी ‘आत्ताच्या आत्ता कार्डावर उतरव’ असा हुकूम. हीच रीडिंग रॅममध्ये साठवून दर पाच मिनिटांनी एका ट्रान्झॅक्शनमध्ये लिहिलीत, तर कमिट २८८ वर येतात. नोंद एकही कमी होत नाही. वीज गेलीच तर जास्तीत जास्त पाच मिनिटांची रीडिंग जातील, आणि तापमानाच्या बाबतीत ती गेल्याने आभाळ कोसळत नाही. एवढा एक बदल तुमच्या तक्त्यातल्या पाचही डिस्ट्रोंवर भारी आहे.

पाय-होलही असंच दर मिनिटाला आपल्या दीर्घकालीन डेटाबेसमध्ये लिहितं. तो अवधी वाढवता येतो, मी एक तास ठेवतो. सिस्टमडीचं जर्नल रॅममध्ये राहतंय का ते तपासा, नसेल तर ‘व्होलाटाइल’ करा, पण मघाची कोरी पाटी लक्षात ठेवून. स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) कार्डावर ठेवू नका, झेडरॅम वापरा: ते रॅमचाच एक भाग दाबून साठवायला वापरतं, थोडा सीपीयू जातो पण कार्ड वाचतं. आर्मबियनमध्ये ते आधीच चालू असतं. आणि कार्ड घेताना ए१ किंवा ए२ खूण बघता ते ठीक, पण ती खूण वेगाची आहे, टिकाऊपणाची नाही. सतत रेकॉर्डिंग करणाऱ्या कॅमेऱ्यांसाठी ‘हाय एन्ड्युरन्स’ म्हणून जी कार्डं मिळतात, ती या कामाला घ्या.

नेमकं किती लिहिलं जातंय हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. सिस्टमच्या ‘सिस’ फोल्डरात ब्लॉक डिव्हाइसच्या यादीत तुमच्या कार्डाखाली ‘स्टॅट’ नावाची फाइल असते. त्यातला सातवा आकडा म्हणजे बूट झाल्यापासून लिहिलेले सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइटचे. पाचवा आकडा म्हणजे किती वेळा लिहिलं. आज सकाळी दोन्ही टिपून ठेवा, उद्या त्याच वेळी पुन्हा बघा. मी नवीन बोर्ड लावला की पहिल्या आठवड्यात हे करतोच. कोणती सर्व्हिस गुपचूप कार्ड कुरतडतेय ते लगेच उघडं पडतं.

वीज हा दुसरा संशयित. पाय ३ ला ५ व्होल्टचा २.५ अँपिअरचा अडॅप्टर सांगितलेला आहे, आणि व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की बोर्ड स्वतः त्याची नोंद करतो. रास्पबेरीच्या ‘व्हीसीजेनसीएमडी’ कमांडला ‘गेट थ्रॉटल्ड’ विचारा. उत्तर शून्य यायला हवं. शून्य नसेल तर आत्ता किंवा बूटनंतर कधीतरी व्होल्टेज पडलंय, बोर्ड तापलाय किंवा त्याचा वेग कापला गेलाय. अर्धवट व्होल्टेजवर लिहीत असलेलं कार्ड बिघडतं, आणि आपण कार्डाच्या नावाने बोटं मोडतो. पुष्कळदा दोष जुन्या, बारीक तारेच्या यूएसबी केबलचा असतो.

सगळं नीट चालू लागलं की पाय ओएसमध्ये ‘ओव्हरले फाइलसिस्टम’ चालू करता येते, रास्पी-कॉन्फिगच्या परफॉर्मन्स विभागात आहे. मूळ कार्ड गोठतं, सगळे बदल रॅममध्ये होतात आणि रीस्टार्टला पुसले जातात. म्हणजे अल्पाइनच्या डिस्कलेस पद्धतीचा मोठा फायदा डेबियनमध्ये राहूनच मिळतो. नोंदी ठेवायला मग यूएसबी ड्राइव्ह किंवा नेटवर्कवरचं दुसरं मशीन लागतं. एक बारकावा: तुमच्या तिन्ही बोर्डांना बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. शेवटची वेळ एका फाइलमध्ये लिहून ठेवायची आणि बूटला तिथून सुरू करायचं, अशी सोय असते. ओव्हरले लावला की ती फाइलही गोठते, आणि प्रत्येक बूटला बोर्ड ओव्हरले लावलेल्या दिवसात जागा होतो, इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत. पाय-होलच्या बोर्डावर याची वेगळीच गाठ बसते. बोर्ड नावं शोधायला स्वतःलाच विचारतो, डीएनएससेक (उत्तरांवरच्या सह्या तपासणं) चालू असेल तर चुकीच्या तारखेमुळे सह्या खोट्या ठरतात, मग वेळ देणाऱ्या सर्व्हरचं नावच सापडत नाही, आणि वेळ मिळत नाही म्हणून तारीख चुकीचीच राहते. राउटर वेळ देत असेल तर त्याचा आयपी पत्ता आकड्यांत लिहून द्या, गाठ सुटते.

तर तुमच्या तीन बोर्डांना मी काय लावीन? पाय ३ बी वर रास्पबेरी पाय ओएस लाइट, ६४ बिट, केबलने जोडलेला, आणि त्यावर पाय-होल व मॉस्किटो दोन्ही. १ जीबीत ते आरामात राहतात, वेगळ्या बोर्डांची गरज नाही. झिरो २ डब्ल्यूवर लाइटच, पण ३२ बिट. मेनूची सोय हवी असेल तर डाएटपाय, मला दोन्ही चालतील. स्क्रिप्टने रीडिंग एमक्यूटीटीवरून पाय ३ कडे पाठवावीत आणि डेटाबेस तिकडेच असावा. मग झिरोवर लिहिण्यासारखं काही उरतच नाही, तो बिनधास्त ओव्हरलेवर टाका. ऑरेंज पाय मोकळा झाला, त्यावर आर्मबियनचं किमान डेबियन टाका आणि प्रयोगाला ठेवा. अल्पाइन शिकायची हौस असेल तर ती पाय ३ च्या एखाद्या जास्तीच्या कार्डावर भागवा. तिन्हींवर एकच डिस्ट्रो हवी हा हट्ट सोडा, पण तिन्हींवर एकच कुळ असावं हे मात्र बरोबर. वरच्या मांडणीत तिन्हीकडे पॅकेजं टाकायला एपीटी आहे, सिस्टमडी आहे, एकदा शिकलेली कमांड तिन्हीकडे चालते.

हे माझं मत बदलू शकतं ते दोन गोष्टींनी. सेन्सर कोणता आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्याची लायब्ररी जुन्या जीपीआयओ (बोर्डाच्या पिना वापरायच्या) पद्धतीवर अडून बसलेली असेल तर झिरोवरचं उत्तर थोडं हलेल. आणि बोर्ड ठेवलेल्या जागी वीज रोज जाते की क्वचित, यावर ओव्हरले आजच लावायचा की महिनाभर थांबायचं ते ठरेल.

तोवर नवीन काही इन्स्टॉल करू नका. स्क्रिप्टमधला कमिट पाच मिनिटांवर न्या, स्टॅट फाइलमधला पाचवा आणि सातवा आकडा बदलाआधी एक दिवस आणि बदलानंतर एक दिवस असा टिपा, दोन्ही रास्पबेरी बोर्डांचं थ्रॉटल्डचं उत्तर घ्या, आणि ते सगळं सेन्सरच्या नावासह इथे टाका. गेलेली दोन कार्डं कुठल्या बोर्डातली होती तेही लिहा. दोन्ही कार्डं झिरोतली असतील तर मला फारसं आश्चर्य वाटणार नाही, पण एक जरी पाय ३ मधलं निघालं तर आधी त्याची केबल बदलून बघू.